एकविसावं पाकीट

“घ्या हो आजोबा, लाजताय कशाला?” असं म्हणत मी पुरीभाजीचं पाकीट त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

त्यानं ते चाचपून पाहिलं. डोळ्यांवर काळा चष्मा, गालांवर चार-पाच दिवसांची पांढरी दाढी, शेजारी काठी. उमाईच्या देवळाबाहेर जी रांग बसायची, तिच्या अगदी शेवटी तो भिंतीला टेकून बसला होता. पाकीट उचलून त्यानं माझ्या आवाजाच्या रोखानं पुढं केलं.

“नको बाई. मला नको.”

“अहो, नवसाचं आहे. नाही म्हणू नये.”

“तसं न्हाई वो. मी आपला हितं जरा—”

“देवीचा प्रसाद समजा,” मी म्हणाले. त्याचा हात धरून पाकीट पुन्हा त्याच्या मांडीवर दाबलं आणि वळले.

ही एक्याण्णव सालची गोष्ट. माझी मंजिरी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि विषमज्वरातून नुकती उठली होती. ताप मेंदूत जाईल की काय अशी एक रात्र आली, त्या रात्री मी उमाईला बोलून गेले होते, की पोर उठून बसली तर तुझ्या दारात एकवीस भुकेल्यांना जेवू घालीन. पोर उठून बसली. मी पहाटे चारला उठून पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली, एकवीस पाकिटं बांधली आणि देवळात आले. रांगेत माणसं निघाली वीस. एकविसाव्यासाठी मी पार फुलवाल्यांच्या टोकापर्यंत जाऊन आले. परत येते तो भिंतीशी हा म्हातारा दिसला, आणि मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर त्या माणसात मी तेवढंच पाहिलं. माझा आकडा भरला.

मग ओटी भरली, प्रदक्षिणा घातल्या. अर्ध्या तासानं बाहेर आले तर पायऱ्यांपाशी पोलिसांची जाळीची गाडी उभी. शहरात कुणीतरी बडे पाहुणे यायचे होते आणि त्याआधी रस्ते साफ करायचा हुकूम निघाला होता, हे मला नंतर कळलं. रांगेतली माणसं एकामागून एक गाडीत चढत होती. एक लंगडा चढताना पडला. कुणीतरी ओरडलं. माझ्या शेजारची बाई चपला घालता घालता म्हणाली, “बरं झालं बाई. चालायला वाट तरी मोकळी झाली.”

माझ्या मनात आलं तेही याहून फार वेगळं नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, माझं वाटप आधी उरकलं.

गाडी गेली. मी रिकामी पिशवी घडी करत होते, तेवढ्यात देवळातून एक म्हातारी बाहेर आली. हिरवं लुगडं, कपाळाला ताजा मळवट, हातात नारळाची वाटी. भिंतीपाशी येऊन ती थबकली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग फुलवाल्याला म्हणाली, “दादा, आमचं मालक हितं बसलं हुतं. काळा चष्मा हाय. कुठं गेलं?”

“इथं बसलेल्या सगळ्यांना गाडीनं नेलं, मावशी.”

“कसली गाडी?”

“भिकाऱ्यांची.”

“आवं, ते भिकारी न्हाईत!” ती हसलीच, फुलवाल्यानं चेष्टा केल्यासारखी. “परवा डोळ्याचं आप्रेशन झालंय त्येंचं. डागदर म्हनलं, गर्दीत शिरू नका, मान वाकवू नका. म्हनून बाहीर बसवलं. म्या म्हनलं, पाया पडून आलेच.” मग तिचं हसू हळूहळू उतरलं. “कुठं नेलं म्हनालात?”

फुलवाल्यानं खांदे उडवले.

मी तिथून निघून जाऊ शकले असते. पायात चपला होत्या, रिक्षा समोर होती. का थांबले ते आजही नीट सांगता येणार नाही. पुढं होऊन म्हणाले, “मावशी, पोलीस चौकी मला माहीत आहे. चला, मी येते.”

“देवीच पावली गं बाई,” ती म्हणाली आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

वाटेत तिनं सगळं सांगितलं. तिचं नाव हौसाबाई नलवडे. नवरा आत्माराम, गवंडी. गाव बोरखडी, एसटीनं तीन तास. “अर्ध्या तालुक्याच्या भिंती ह्येंनी बांधल्यात. पर मोतीबिंदू पिकला आन ओळंब्याची दोरी दिसंना, तवा घरी बसलं.” डोळ्यात टाके होते. आज सकाळी तपासणी झाली होती आणि दुपारच्या गाडीनं दोघं परत जाणार होती. तिनं कनवटीची एक छोटी बाटली काढून दाखवली. “दर दोन तासाला ह्यो थेंब घालायचा. आन डोळ्याला हात लावू द्यायचा न्हाई. डागदर म्हनलं, चोळला तर टाका तुटंल आन डोळा जाईल. एक वाजला का वो?”

“साडेबारा.”

“एकला घालायचा हाय.”

त्या दिवशी ती मला निदान दहा वेळा वेळ विचारत राहिली.

चौकीवर एक हवालदार डबा खात बसला होता. माणूस वाईट नव्हता. हात धुवून आला, वही उघडली आणि बोटानं नावं वाचू लागला. हौसाबाई प्रत्येक नावाला मान हलवत होती. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

“हा एक आहे. नाव सांगत नाही. वय अंदाजे सत्तर. अंध.”

“आंधळं न्हाईत! आप्रेशन झालंय!”

“मावशी, नाव सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं ना. तीनदा विचारलं, तोंड उघडलं नाही. गाव विचारलं, गप्प. आणि मांडीवर खायचं पाकीट होतं. रांगेत बसलेला, दान घेतलेला. आम्ही काय समजायचं?” त्यानं माझ्याकडं पाहिलं. “कायद्यात भीक मागणं जसं बसतं, तसं घेणंही बसतं, बाई.”

“त्येंनी कुनाकडनं काय घ्येतलं न्हाई,” हौसाबाई म्हणाली. “उभ्या जन्मात न्हाई. पाकीट कुनाचं?”

“देतात की लोक. येता-जाता देतात.”

चौकीच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. खाली कुठल्याशा बियाण्याच्या कंपनीची जाहिरात, वर हिरव्यागार शेतात उभी असलेली बाई. मी त्या बाईकडं टक लावून पाहत राहिले.

“आता कुठं असतील ते?” मी विचारलं.

“कोर्टात. तीनला उभं करतील. आजच काय ते करा. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. आज हुकूम झाला की सगळ्यांना भिक्षेकरी गृहात नेतील, शहराबाहेर. मग चौकशी होईपर्यंत पंधरा दिवस तरी सुटका नाही.”

हौसाबाईनं बाटली मुठीत धरली. “पंधरा दिस?” ती म्हणाली. “थेंब कोन घालंल?”

कोर्ट गावाच्या दुसऱ्या टोकाला. समोरच्या दुकानातून मी यांना फोन केला. आमचं शिंप्याचं दुकान, हे शर्ट-पँट शिवायचे, मी ब्लाउज. मंजिरीला शाळेतून आणा, मला उशीर होईल, इतकंच सांगितलं. “नवस झाला ना पुरा?” यांनी विचारलं. मी फोन ठेवून दिला.

व्हरांड्यात सगळी रांग तशीच बसवलेली होती, फक्त आता दोन्ही टोकांना पोलीस होते. आत्माराम नलवडे मधोमध बसले होते. त्यांच्या शेजारी रांगेतलीच एक बाई होती, पन्नाशीची, सावळी, केस पिकलेले. तिनं त्यांची दोन्ही मनगटं आपल्या हातांत पकडून ठेवली होती. मला ते विचित्र वाटलं. हौसाबाई धावली, पण पोलिसानं काठी आडवी धरली.

“नंतर, मावशी. साहेब बसले की.”

“तीन वाजलं का वो?”

“वाजून गेले,” मी म्हणाले.

“दोन येळचं चुकलं,” ती पुटपुटली.

सव्वाचारला पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट चाळिशीचे, थकलेले गृहस्थ होते. दिवसभराची कामं उरकून आता ही एकवीस माणसं त्यांच्यापुढं आली होती. पोलिसांकडून नाव वाचलं जाई, ते दोन प्रश्न विचारत, कागदावर लिहीत, पुढचा. मी मागच्या बाकावर हौसाबाईशेजारी बसले होते.

“नाव सांगत नाही, वय अंदाजे सत्तर.”

आत्माराम उभे राहिले. ती बाईही त्यांच्याबरोबर उठली, मनगटं तशीच धरून.

“तू कशाला उठलीस?” मॅजिस्ट्रेट म्हणाले. “हात सोड त्यांचे.”

“सोडलं तर डोळा चोळतोय, साहेब,” ती म्हणाली. आवाज भसाडा, पण भीती नव्हती त्यात. “गाडीत चोळाय लागला. ह्यो म्हनला टाकं हायत, मग धरलं हात. सकाळधरनं धरून बसलीया. माझं बी हात भरून आलं, पर सोडायचं कसं?”

कोर्टात कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बाबा, तुमचं नाव काय?”

आत्माराम गप्प.

“कुठले तुम्ही? कुणी आहे तुमचं?”

हौसाबाई ताडकन उठली. “मी हाय! माझं मालक हायत ते! साहेब, मी सांगते—”

“थांबा. बाबा, ही बाई तुमची कोण?”

आत्मारामांनी आवाजाकडं मान वळवली. काळ्या चष्म्यामागं काय चाललं होतं ते दिसत नव्हतं.

“कोन न्हाई,” ते म्हणाले. “मी हिला वळखत न्हाई.”

हौसाबाई खाली बसली, एकदम, कुणी ढकलल्यासारखी. मॅजिस्ट्रेटनी तिच्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं, मग घड्याळाकडं. पोलीस म्हणाला, “साहेब, दानाचं पाकीट हातात मिळालंय.” मॅजिस्ट्रेटनी पेन उचललं.

“साहेब,” मी म्हणाले.

मी कधी उभी राहिले ते मला कळलं नव्हतं.

“तुम्ही कोण?”

“रोहिणी भांबुरे. ते पाकीट माझं आहे.”

“म्हणजे?”

“मी दिलं. त्यांनी मागितलं नाही. ते नको म्हणाले. त्यांनी ते मला परत दिलं, तरी मी त्यांच्या मांडीवर दाबून ठेवलं. ते काहीतरी सांगत होते, मी ऐकून घेतलं नाही.”

मॅजिस्ट्रेट माझ्याकडं पाहत राहिले. “नको म्हणणाऱ्याला का दिलंत?”

खोटं सुचलं असतं तर कदाचित मी तेही बोलले असते. पण काहीच सुचलं नाही.

“माझा एकवीस जणांचा नवस होता. वीसच मिळाले होते,” मी म्हणाले.

कोर्टात आता कुणी हसलं नाही. माझ्या बाजूला बसलेली हौसाबाई मान वर करून माझ्याकडं पाहत होती, आणि मला तिच्याकडं पाहायचा धीर होत नव्हता. मी भराभर बोलत सुटले.

“मी शिंपीण आहे, साहेब. त्यांचा सदरा बघा. सगळी बटणं जागेवर आहेत, खालचं बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलंय, पण नीट लावलंय. धोतराचा काठ घरी शिवलेला आहे. यांच्या घरी कुणीतरी यांचे कपडे सांभाळतं. मला हे सकाळीच दिसायला हवं होतं. मी फक्त चष्मा आणि दाढी पाहिली. ही त्यांचीच बायको आहे. ती देवळात गेली होती म्हणून ते बाहेर बसले होते, एवढंच. चौकीवर पाकीट कुणाचं असं यांनी विचारलं, तेव्हा मी तिथंच होते आणि बोलले नाही.”

“आता का बोलताय?”

“आज शुक्रवार आहे म्हणून,” मी म्हणाले. ते उत्तर वेड्यासारखं होतं, पण त्यांना कळलं असावं.

त्यांनी पोलिसाला विचारलं, “यांना मागताना कुणी पाहिलं?”

पोलीस घुटमळला. तेवढ्यात ती मनगटं धरलेली बाई म्हणाली, “साहेब, त्यो आमच्यातला न्हाईच. आमच्यात बसायचं तर जागा मागून घ्यावी लागती. ह्यो आपला कडंला टेकला. आमी म्हनलं, असंल कुनाची तरी वाट बगत.”

“तू हे पोलिसांना सांगितलंस का?”

“सांगितलं की. मला म्हनलं, गप बस भिकारडे.”

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून डोळ्यांच्या कोपऱ्यांना बोटं लावली. मग मऊ आवाजात म्हणाले, “बाबा, तुमच्या नावापुढं भिकारी असं काहीही लागणार नाही. मी लिहितोय की चुकून आणलं. आता सांगा नाव.”

आत्माराम ताठ उभे राहिले.

“आत्माराम गणू नलवडे,” ते म्हणाले. “गवंडी. मुक्काम बोरखडी. आन ही माझी बायकू हाय, हौसा.”

“सोडा यांना,” मॅजिस्ट्रेट म्हणाले.

हौसाबाई उठली ती सरळ पिंजऱ्यापाशी गेली. नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. तिनं कनवटीची बाटली काढली. “साहेब, आधी औशीद घालू का?”

मॅजिस्ट्रेटनी मान हलवली. भर कोर्टात आत्मारामांनी मान मागं टाकली, त्या बाईनं शेवटचे दोन क्षण त्यांची मनगटं धरून ठेवली, आणि हौसाबाईनं थेंब घातला. एक कारकून लिहायचं थांबून पाहत होता.

पुढचं नाव त्या बाईचंच होतं. गोदावरी. आडनाव सांगायला ती तयार नव्हती, “ते सासरचं, सासर संपलं” म्हणाली. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, भीक मागतेस? ती म्हणाली, मागते. याआधी पकडली होती? नाही.

“पहिली वेळ आहे. कुणी जबाबदारी घेणारं असेल तर समज देऊन सोडता येतं,” ते म्हणाले. ते कुणाकडं पाहून म्हणाले नाहीत, पण मी अजून उभीच होते.

“मी घेते.”

“विचार करून बोला. ही पुन्हा मागताना सापडली तर बोलावणं तुम्हाला येईल.”

गोदावरी माझ्याकडं वळून पाहत होती. “कशाला गं?” ती म्हणाली. “तुला न्हाई का घरदार?”

“आहे. म्हणून तर घेते,” मी म्हणाले.

मी सही केली. बाकीची एकोणीस माणसं गाडीत परत चढली. त्यांच्यातल्या एकाचंही नाव माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. सगळ्यांसाठी सही करण्याइतकी छाती मला नव्हती, हे मी कबूल करते. गोदाक्का पुढं चार महिने आमच्या दुकानात राहिल्या. काजं करायला शिकल्या, सुईत दोरा ओवायला मंजिरीला हाका मारायच्या. मग त्यांची एक भाची शोधत आली आणि त्यांना घेऊन गेली. दर दिवाळीला निरोप यायचा.

पण त्या संध्याकाळी आम्ही चौघं एका रिक्षात कोंबून डोळ्यांच्या दवाखान्याकडं निघालो. डोळा शाबूत आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. मग हौसाबाई फुटली.

“मला वळखत न्हाई म्हनलात!”

“अगं, कागदावर नाव चढलं असतं तुजं,” आत्माराम म्हणाले. “मला न्ह्यायचं तर न्हेऊ देत. पर गावात काय म्हनलं असतं? हौसा भिकाऱ्याची बायकू.”

“म्हनू द्यात की! लगीन झालं तवा काय तुमच्या घरात सोन्याची ताटं हुती? पत्रावळीवर जेवले मी सा म्हैनं. तवा न्हाई लाज वाटली, ती आज वाटली?” आणि तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं, इतक्या जोरानं की गोदाक्का म्हणाल्या, “हळू बाई, टाकं हायत.”

तेव्हा मी बोलून टाकलं. “मावशी, मी चौकीवरच सांगायला हवं होतं.”

“व्हय,” ती म्हणाली. “पायजे हुतं.”

रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली. ती माझ्याकडं न बघता पुढं म्हणाली, “मी समजत हुते देवीनंच धाडलंय तुमास्नी सोबतीला. चार तास त्येच समजत हुते.” मग थोड्या वेळानं, “पर कोर्टात उठलात. उठला नसता तर मला काय कळलं असतं? मी तर तुमच्याच पाया पडून घरी गेली असती.”

माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. पण उतरताना तिनं माझं मनगट धरलं, देवळाबाहेर धरलं होतं तसंच घट्ट.

डॉक्टर साबडे दवाखाना बंद करायच्या बेतात होते. हकिगत ऐकून त्यांनी हातातली किल्ली टेबलावर टाकली आणि आत्मारामांना यंत्रापुढं बसवलं. हनुवटी टेकवली, दिवा लावला. आम्ही तिघी दारात उभ्या. डॉक्टर बराच वेळ बघत होते. वर बघा, म्हणाले. खाली बघा. पुन्हा वर. हौसाबाईच्या ओठांची हालचाल चालू होती. उमाईचं नाव घेत असावी.

“हात कुणी लावला होता डोळ्याला?” डॉक्टरांनी विचारलं.

हौसाबाईनं वळून गोदाक्कांकडं पाहिलं.

“एकदा लावला,” आत्माराम म्हणाले. “मग ह्या बाईनं हात धरलं.”

डॉक्टरांनी दिवा विझवला आणि खुर्ची मागं सारली. “टाके जागच्या जागी आहेत. थोडी लाली आहे, ती जाईल. दोन वेळा औषध चुकलं त्यानं काही बिघडत नाही. पण चोळला असता ना, तर आज मी काही करू शकलो नसतो.” मग हसले. “जा घरी. डोळा उत्तम आहे.”

हौसाबाई होती तिथंच खाली बसली. दिवसभर तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस आला नव्हता. आता ती दवाखान्याच्या फरशीवर बसून रडली, आणि रडता रडता हसू लागली. मीही भिंतीला टेकले.

“चष्मा लावायच्या आधी जरा बगू द्या,” आत्माराम म्हणाले. “कोन ती हात धरनारी? म्होरं यं.”

गोदाक्का दोन पावलं पुढं झाल्या. आत्मारामांनी डोळा बारीक करून त्यांच्याकडं पाहिलं, भिंतीची रेघ पाहावी तसं.

“मला वाटलं, तू म्हातारी असशील,” ते म्हणाले. “आवाजावरनं.”

“म्हातारीच हाय,” गोदाक्का म्हणाल्या. “तुजा डोळा नवा हाय, म्हनून तुला तरनी दिसतीया.”

पहिले हसले डॉक्टर. मग हौसाबाई, मग आत्माराम, आणि शेवटी मी. इतकं हसायला त्यात काही नव्हतं. पण आम्ही हसत राहिलो. कंपाउंडर दारातून डोकावून गेला.

शेवटची एसटी साडेसहाची होती. डॉक्टर हौसाबाईला औषधाचं पुन्हा समजावून सांगत होते. गोदाक्का रिक्षा थांबवायला पुढं गेल्या. दवाखान्याला रस्त्यापर्यंत उतरत्या पायऱ्या होत्या, अरुंद आणि उंच. आत्माराम वरच्या पायरीशी येऊन थांबले. काठीनं पुढं चाचपलं. मी दोन हात अंतरावर उभी होते. आपण होऊन हात पुढं करावा की नाही, हे मला त्या दिवशी ठरवता येत नव्हतं. मी नुसती उभी राहिले.

“भांबुरे बाई,” ते म्हणाले, “हायसा का हितंच?”

“आहे.”

“हात द्या जरा. आन पायरी आली की सांगा.”

मी हात दिला. त्यांनी आपला पंजा माझ्या दंडावर ठेवला. जड, खरबरीत, चुन्यानं वर्षानुवर्षं खाल्लेला पंजा. आणि त्यांनी आपला सगळा भार निर्धास्तपणे माझ्यावर टाकला.

“पायरी,” मी म्हणाले.

“हं.”

“पायरी. ही जरा उंच आहे.”

“बांधनाऱ्यानं माप चुकवलंय,” ते म्हणाले.

“पायरी. आता एकच राहिली.”

“सावकाश जाऊ,” ते म्हणाले. “गाडीला येळ हाय.”